सोसायटीच्या ग्रुपवरचे मतभेद कसे हाताळावेत : पुनर्विकासाच्या चर्चेसाठी मार्गदर्शिका

इमारत जुनी झाली, गच्चीतून पाणी झिरपू लागले आणि एखाद्या विकासकाचे पत्र कमिटीच्या हाती पडले, की मुंबई, ठाणे, पुणे या भागांतल्या जवळजवळ प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे वातावरण बदलते. तोवर पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती आणि गणपतीची वर्गणी एवढ्यापुरती चालणारी बोलाचाली एकाएकी धारदार होते, आणि वर्षानुवर्षे शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवून निर्धास्तपणे गावी जाणारी कुटुंबे जिन्यात समोरासमोर आली तरी नजर चुकवू लागतात. हे टाळता येते. त्यासाठी काय करावे, हे ग्रुपचे अ‍ॅडमिन, कमिटीचे पदाधिकारी आणि सामान्य सभासद अशा तिघांच्याही दृष्टीने येथे मांडले आहे.

आधी कायद्याची बाजू लक्षात घेतली पाहिजे, कारण बरीचशी कटुता तिथूनच सुरू होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७९ अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाची जी कार्यपद्धती ठरवून दिली, तिच्यानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी आहे. म्हणजे शंभर घरांच्या संस्थेत ४९ घरे विरोधात असतानाही ठराव मंजूर होऊ शकतो. मोजक्या लोकांच्या हट्टापायी धोकादायक इमारतीत सर्वांना राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. परंतु ती ४९ घरे ठरावानंतर कुठेही जात नाहीत. त्यांनाही त्याच सुमारास घर रिकामे करायचे असते, त्याच विकासकावर भरवसा ठेवायचा असतो आणि काही वर्षांनी त्याच नव्या इमारतीत शेजारी म्हणून परतायचे असते. बहुमताचा आकडा गाठला की चर्चेचे काम संपले, असे मानणाऱ्या संस्थांना पुढे प्रत्येक टप्प्यावर तक्रार अर्ज, उपनिबंधकांकडे हेलपाटे आणि सहकार न्यायालयातील कलम ९१ खालचे दावे यांना तोंड द्यावे लागण्याची शक्यता मोठी असते.

याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. विरोध करणाऱ्या सभासदाजवळ बहुधा अशी काही माहिती किंवा अशी काही काळजी असते, जी बाकीच्यांच्या हिशेबात आलेलीच नसते. ती रागाच्या शब्दांतून सोडवून कागदावर आणणे, एवढेच मतभेद हाताळण्याचे खरे काम आहे आणि या लेखातील प्रत्येक सूचना त्यासाठीच आहे.

वाद पेटण्याआधी

ग्रुपवर निर्णय होत नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहून ठेवावी. निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. वार्षिक सभेसाठी उपविधींनुसार पूर्ण १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, विषयपत्रिका असावी लागते, गणपूर्ती लागते आणि इतिवृत्त लिहावे लागते. ग्रुपवर अंगठ्याची खूण करणाऱ्यांची संख्या मोजून ‘बहुतेकांचा होकार आहे’ असे जाहीर करणाऱ्या कमिटीला कायद्याचा आधार तर नसतोच, पण ज्यांनी खूण केली नाही त्यांना आपण मोजलेच गेलो नाही असे वाटते आणि ते बरोबरच असते. ग्रुपमधील मतदानाच्या सोयीचाही मोह टाळावा, कारण तिथे कोणी कोणता पर्याय निवडला हे सर्वसाधारणपणे सर्वांना दिसते, आणि अध्यक्षांच्या शेजारी राहणारा सभासद त्यांच्या डोळ्यांदेखत ‘नाही’ म्हणेलच असे नाही.

पुनर्विकासाचा विषय निघाला की त्यासाठी वेगळा ग्रुप काढावा. त्याचे दोन अ‍ॅडमिन असावेत आणि त्यांपैकी एक प्रस्तावाबद्दल साशंक असलेल्यांमधला असावा. या एका गोष्टीने निम्मे संशय दूर होतात, कारण मेसेज काढून टाकला गेला तर तो कोणी आणि का काढला याला साक्षीदार असतो. नियम तीन-चारच ठेवावेत आणि ते माणसांविषयी नसून लिखाणाविषयी असावेत: प्रत्येक दाव्यासोबत कागद द्यावा, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी लिहू नयेत, इतर ठिकाणचे फॉरवर्ड टाकू नयेत, आणि रात्री दहानंतर नवा मुद्दा काढू नये. शेवटचा नियम क्षुल्लक वाटेल, पण उणेदुणे काढणारे बहुतेक मेसेज जेवणे आटोपल्यानंतर लिहिले जातात आणि सकाळी ते लिहिणाऱ्यालाच नकोसे वाटतात.

रागाच्या मेसेजमध्ये काय दडलेले असते

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. दुसऱ्या मजल्यावरचा तरुण सभासद लिहितो, “ज्यांना विकास नको आहे त्यांनी स्पष्ट सांगावे. उगाच सगळ्यांना वेठीस धरू नये.” त्याने नाव घेतलेले नाही, पण हे चौथ्या मजल्यावरच्या, एकट्या राहणाऱ्या काकूंना उद्देशून आहे, हे सर्वांना कळते. काकू उत्तर देतात, “तुम्हाला काय, तुम्ही भाड्याने कुठेही राहाल. आमचे हाल तुम्हाला काय कळणार?” त्यावर तिसरे कोणीतरी लिहिते, “भावनिक होऊ नका, व्यवहार बघा.” शब्दाने शब्द वाढतो, अर्ध्या तासात चाळीस मेसेज होतात, आणि त्या चाळिसांत प्रस्तावाविषयी एक अक्षरही नसते.

आता याच मेसेजमध्ये काय दडले आहे ते पाहावे. तरुण सभासदाचे दोन खोल्यांचे घर पाच माणसांना अपुरे पडते आहे, मुलीची दहावी जवळ आली आहे, आणि निर्णय एक वर्षाने लांबला तर भाड्याच्या घरातला काळ नेमका तिच्या बारावीत येईल, हा त्याचा हिशेब आहे. तो त्याने लिहिलेला नाही. काकूंना त्यांच्या वयात आणि एकटीला घर भाड्याने कोण देईल ही चिंता आहे. त्यांचा दवाखाना आणि औषधांचे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि बांधकामाच्या काळातल्या पर्यायी घरासाठी विकासक देत असलेले भाडे त्याने मध्येच थांबवले तर निवृत्तिवेतनातून ते भागणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. त्यांनीही ते लिहिलेले नाही. दोघेही ताकाला जाऊन भांडे लपवत आहेत, आणि त्याचे कारण हेच की चव्हाट्यावर आपली अडचण सांगणे माणसाला जड जाते.

अशा वेळी अ‍ॅडमिनने ‘कृपया शांतता राखा’ एवढेच लिहिल्याने काही साधत नाही, कारण त्यातून दोघांनाही आपल्याला दटावले गेले असे वाटते. त्याऐवजी प्रथम दोघांशी स्वतंत्रपणे, शक्यतो घरी जाऊन किंवा निदान फोनवर बोलावे, त्यांच्या परवानगीने त्यांच्या अडचणीचे प्रश्नात रूपांतर करावे आणि तो प्रश्न कोणाचेही नाव न घेता ग्रुपवर मांडावा. उदाहरणार्थ, असे लिहिता येईल: “आज दोन मुद्दे पुढे आले आहेत. पहिला, काम कधी सुरू होऊन ताबा कधी मिळेल याच्या तारखा प्रस्तावात नाहीत, आणि शाळा-महाविद्यालयात मुले असलेल्या घरांना त्या आधी हव्या आहेत. दुसरा, विकासकाने भाडे थांबवल्यास संस्थेला वसुली कशी करता येईल, बँक गॅरंटी किती रकमेची असेल आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना पर्यायी घर शोधून देण्याची जबाबदारी कोण घेईल. दोन्ही मुद्दे विकासकाला लेखी विचारायच्या यादीत घेतले आहेत.” या मेसेजने कोणीही हरले नाही. उलट, जिला सगळे अडथळा समजत होते त्या बाईंनी बँक गॅरंटीचा मुद्दा सर्वांसाठी वेळेवर काढला, हे कुणी न सांगताच लक्षात येते.

असेच इतर विरोधांचेही आहे. नव्या इमारतीत मेंटेनन्स किती येईल, असे वारंवार विचारणारे निवृत्त काका अनेकांना खोडा घालणारे वाटतात. पण दोनच लिफ्ट असलेल्या इमारतीच्या जागी उंच इमारत, यांत्रिक पार्किंग, अग्निशमन यंत्रणा आणि पंप आले की दरमहा खर्च वाढतो, ही गोष्ट चकचकीत माहितीपत्रकात नसते आणि ती विचारणारे तेच एकटे असतात. कार्पेट एरियाचे आकडे पुन्हा पुन्हा तपासायला लावणारा सभासद किचकट वाटतो, मात्र करारावर सही झाल्यावर तीच तपासणी करून उपयोग नसतो. तळमजल्यावरच्या गाळेधारकाची काळजी आणखी निराळी असते, कारण त्याचे गिऱ्हाईकच त्या जागेशी बांधलेले असते आणि नुसते भाडे मिळाल्याने त्याचे नुकसान भरून येत नाही.

समोरच्याचे म्हणणे आधी मांडून दाखवणे

आपल्याकडे शास्त्रार्थात स्वतःचे मत सांगण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायची शिस्त होती आणि तिचे नियमही बारकाईने ठरलेले होते. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरे काय ते समजावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचे मोडून काढणे ती वितंडा. त्याच ग्रंथात बावीस निग्रहस्थाने, म्हणजे वादी कुठे हरला असे मानावे त्या जागा, मोजून दिल्या आहेत. सोसायटीच्या ग्रुपला न्यायदर्शन शिकवण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांतल्या काही जागा आजच्या भांडणांना इतक्या तंतोतंत लागू पडतात की त्या प्रत्येक सभासदाने जाणून घ्याव्यात असे मला मनापासून वाटते.

अननुभाषण हे त्यांतले एक. समोरच्याचे म्हणणे सभेला समजले आहे, ते तीनदा सांगून झाले आहे, आणि तरीही जो ते परत उच्चारून दाखवू शकत नाही, तो तिथेच हरला. ग्रुपवर हा नियम असा वापरावा: कोणाच्याही मुद्द्याला विरोध करणाऱ्याने पहिल्या दोन ओळींत तो मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि ‘तुमचे म्हणणे मला असे समजले, ते बरोबर आहे का’ असे विचारावे, ‘हो’ असे उत्तर आल्यावरच पुढचे लिहावे. हे सुरुवातीला वेळखाऊ वाटते. पण ‘पुनर्विकास इतक्यात नको’ असे म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘पुनर्विकास नकोच’ हे वाक्य घालून मग त्यावर तुटून पडण्याची जी खोड ग्रुपवर सर्रास दिसते, तिला याने जागच्या जागी आळा बसतो. शब्दाचा अर्थ ओढूनताणून दुसरीकडे नेणे याला न्यायसूत्रे छल म्हणतात आणि ते चर्चेत बसत नाही.

मतानुज्ञा ही दुसरी जागा. आपल्या बाजूच्या दोषाला उत्तर न देता ‘तो दोष तुमच्यातही आहेच’ असे म्हणणे म्हणजे आपला दोष कबूल करणे होय. कमिटीने तीनच विकासकांकडून निविदा का मागवल्या, या प्रश्नाला ‘तुम्ही सेक्रेटरी होता तेव्हा रंगकामाचे काय केले होते’ हे उत्तर त्यातच मोडते. रंगकामाचा हिशेब विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण तो वेगळ्या दिवशी, वेगळा विषय म्हणून विचारावा. विषय सोडून भलतीकडे जाणे, म्हणजे अर्थांतर, हेसुद्धा निग्रहस्थानच आहे. तसाच विक्षेप: प्रश्न अडचणीचा आला की ‘मला कामे आहेत’ म्हणून चर्चा तोडून निघून जाणे. कमिटीच्या पदाधिकाऱ्यांना खरोखरच कामे असतात आणि ती बिनपगारी असतात, हे सभासदांनी विसरू नये. म्हणून पदाधिकाऱ्यांनी ‘याचे उत्तर रविवारी देतो’ असे लिहावे आणि रविवारी ते द्यावे. उत्तराचा दिवस ठरलेला असला की लोक थांबतात.

लिहिताना घ्यायची काळजी

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण त्याचा स्क्रीनशॉट तेवढ्यात दोन घरांत पोहोचलेला असू शकतो, म्हणून पाठवण्याआधीच वाचावे. हेतूविषयी लिहू नये, कृतीविषयी लिहावे: ‘कमिटीला विकासकाने हाताशी धरले आहे’ हा आरोप आहे आणि पुरावा नसेल तर तो बदनामी ठरू शकतो, तर ‘तुलनात्मक तक्ता सभासदांना दाखवलेला नाही, तो शुक्रवारपर्यंत मिळावा’ ही मागणी आहे आणि तिला उत्तर द्यावेच लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी आजही गुन्हा आहे, आणि ग्रुपवरचे लिखाण त्यातून सुटत नाही. उपरोधिक इमोजी, एकेका शब्दाची उत्तरे आणि कोणाच्या शुद्धलेखनावरची टिप्पणी पूर्णपणे टाळावी. जो सभासद मराठीत टंकलेखन करताना अडखळतो त्याचा मुद्दा अडखळत नसतो.

अ‍ॅडमिनचे अधिकार आणि मर्यादा

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, पूर्वनियोजित संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे घाबरून जाऊन प्रत्येक तिखट मेसेज पुसत बसण्याचे कारण नाही. पुसावे ते शिवीगाळ, धमकी, जातीधर्मावरून केलेले लिखाण आणि कोणाच्या आजाराविषयी किंवा कर्जाविषयी लिहिलेले खाजगी तपशील. आणि पुसल्यावर काय प्रकारचा मजकूर पुसला तेही लिहावे. टीका कितीही झोंबणारी असली तरी ती पुसू नये. एकदा टीका पुसली गेली की पुढचे सभासद कमिटीसमोर बोलायचे थांबतात आणि जिन्यात बोलू लागतात, आणि तिथे राईचा पर्वत व्हायला वेळ लागत नाही.

वाद हाताबाहेर जात असेल तर ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सोय वापरावी, पण मुदत सांगून: ‘उद्या सकाळी नऊपर्यंत ग्रुप बंद ठेवत आहोत, आतापर्यंतचे मुद्दे नऊ वाजता यादी करून टाकू.’ मुदत न सांगता बंद केलेला ग्रुप मुस्कटदाबी वाटतो. ग्रुपमधून कोणाला काढून टाकणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा, कारण तो सभासद संस्थेचा सभासद राहतोच आणि सभेत तो येणारच असतो. त्याआधी दोघांनाही मान्य असलेल्या, शक्यतो वयाने मोठ्या आणि कोणत्याही पॅनेलमध्ये नसलेल्या एखाद्या व्यक्तीला मध्यस्थी करायला सांगावे आणि ती भेट कमिटीच्या ऑफिसात न ठेवता कोणाच्या तरी घरी चहाला ठेवावी.

जे बोलतच नाहीत त्यांचे काय

ग्रुपवरच्या शंभर घरांपैकी सात-आठ जणच लिहीत असतात आणि त्यांच्या आवाजालाच सोसायटीचे मत समजण्याची चूक फार सहज होते. अनेक घरांतून ग्रुपवर एकच नंबर असतो आणि तो बहुधा पुरुषाचा. दिवसभर घरात वावरणाऱ्या आणि नव्या घराच्या स्वयंपाकघराविषयी, पाण्याच्या दाबाविषयी ज्यांना सर्वांत अधिक सांगता येईल अशा स्त्रियांचे म्हणणे त्यामुळे ग्रुपवर येतच नाही. नावावर घर असो वा नसो, घरातल्या आणखी एका प्रौढ व्यक्तीला या ग्रुपवर घ्यावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांचे म्हणणे मजल्यावरच्या एखाद्या विद्यार्थ्याने ऐकून त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आणि निनावी चिठ्ठ्यांसाठी जिन्याखाली एक पेटी आठवडाभर ठेवावी. तिच्यात येणारे प्रश्न ग्रुपवर आलेल्या प्रश्नांहून किती वेगळे असतात, हे पाहून कमिटीचेही डोळे उघडतात. भाडेकरूंना ठरावात मत नसते, पण त्यांना घर केव्हा सोडावे लागेल हे त्यांना वेळेत सांगणे हे साधे सौजन्य आहे.

ग्रुपवरून सभेकडे, आणि सभेनंतर

सभेच्या किमान आठवडाभर आधी ग्रुपवरची चर्चा थांबवून सर्व आक्षेपांची एक यादी करावी, प्रत्येक आक्षेपासमोर विकासकाचे किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराचे लेखी उत्तर जोडावे आणि ज्याचे उत्तर मिळालेले नाही तिथे ‘उत्तर आलेले नाही’ असेच छापावे. ही यादी आक्षेप घेणाऱ्यांपैकीच एकाकडून तपासून घ्यावी, म्हणजे त्यांचे म्हणणे सौम्य करून लिहिले गेले अशी तक्रार राहत नाही. सभेत विरोधी बाजूला आधी बोलू द्यावे. विरोधात मत देणाऱ्यांची नोंद आणि त्यांनी दिलेली कारणे इतिवृत्तात यावीत, हा त्यांच्यावर केलेला उपकार नसून संस्थेची ती गरज आहे, कारण दोन वर्षांनी भाडे थकले तर याच नोंदी वकिलाच्या उपयोगी पडतात.

ठराव मंजूर झाल्यावर विजयाचे मेसेज, फटाक्यांची चित्रे आणि ‘आता तरी पटले ना’ अशी वाक्ये ग्रुपवर येणार नाहीत याची काळजी त्या बाजूच्याच ज्येष्ठांनी घ्यावी. विकास करारनाम्याचा मसुदा तपासण्यासाठी आणि पुढे बांधकामावर लक्ष ठेवण्यासाठी जी उपसमिती नेमली जाते, तिच्यात विरोधात मत दिलेले किमान दोन सभासद आग्रहाने घ्यावेत, आणि त्यांनी चर्चेच्या काळात काढलेल्या मुद्द्यांची ती यादी त्यांच्याच हाती देऊन, प्रत्येक मुद्द्यासाठी करारनाम्यात नेमके कोणते कलम आले आहे हे त्यांनाच सर्व सभासदांना लेखी कळवायला सांगावे.